सतरा खळगे

दमयंती : …आणि चाल वर चढली की बाबा डावा तळहात कानाला लावायचे. ढोलकी खाली बसायची, झांजा गप्प व्हायच्या, आणि आवाज एकटाच पाखाडीच्या पायऱ्या चढून देवळापर्यंत जायचा. खाली पऱ्याच्या पाण्यात भांडी घासणारी येसूबाई हातातलं तपेलं तसंच धरून उभी राहायची. तो आवाज ऐकून सात वर्षं झाली, रसूलचाचा. लोकांकडे बापाचे फोटो असतात. माझ्या बापाचा आवाज तुमच्या कपाटात आहे.

रसूल : कपाटात आहे. मी नाय कुठं म्हणतो? पण कपाट आणि तुझे कान यांच्या मधे ही कॉम्प्युटरला जोडायची पेटी आहे, बाय. ती बोलत नाय, तर मी काय करू?

दमयंती : होळीला आले तेव्हा म्हणालात, जुना कॉम्प्युटर खाऱ्या हवेनं गेला. वैशाखात आले, तर नवा आणलेला होता. म्हणालात, पेटीचं कार्ड त्यात बसत नाही. आज कार्ड बसलेलं दिसतंय, तर पेटी बोलत नाही. दर खेपेला नवा आजार. आमच्या अंगणवाडीतली पोरं शाळा चुकवायला एवढी कारणं काढत नाहीत.

रसूल : हस. पण ऐकून घे. नव्व्याण्णव साली कुवेत सोडलं तेव्हा तिथल्या स्टुडिओवाल्यानं ही पेटी मला दिली. त्यांना नवी मिळाली होती. सामानात सोनं नव्हतं माझ्या, ही होती, चादरीत गुंडाळलेली. तेव्हाचा कॉम्प्युटर अठ्ठ्याण्णवच्या विंडोजवर चालायचा, पेटी त्याच्याशी भडाभडा बोलायची. आता आणलाय तो नवा, व्हिस्टावाला. पेटी एक भाषा बोलते, हा दुसरी. मधे दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. पेटी बनवणारी कंपनी बुडाली. मग नव्या कॉम्प्युटरसाठी दुभाष्या लिहिणार कोण?

दमयंती : रितेशला विचारलं मी फोनवर. माझा भाऊ मुंबईत छापखान्यात कॉम्प्युटरवरच बसतो. तो म्हणाला, गाणी कॉम्प्युटरात असतील तर नुसती कॉपी करायची. पेटीचं काय काम? पेटी फक्त आवाज आत घ्यायला आणि बाहेर सोडायला. म्हणाला, ताई, तो माणूस तुला खेळवतोय.

रसूल : रितेश हुशार आहे. पण गाणी कॉम्प्युटरात नायत. त्या वेळी कॉम्प्युटरचं पोट केवढं? एका शाहिराची गाणी भरली की गच्च. म्हणून मी सगळी या बारक्या टेपांवर उतरवायचो आणि पोट रिकामं करायचो. हा टेप चालवायचा डेक.

दमयंती : मग डेकला हेडफोन लावा आणि ऐकवा. संपलं.

रसूल : त्याचा कान मेलाय. समुद्र किती हाकेवर आहे बघ इथं राजिवड्यात; आतलं सगळं गंजलं. जिवंत राहिली ती मागची ही एक वायर. तिच्यातून आवाज येत नाय, नुसते आकडे येतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करते ती ही पेटी. म्हणून म्हणतो, पेटी बोलल्याशिवाय…

दमयंती : चाचा, वैशाखात तुम्हीच मला सांगितलंत, पेटीवर तांबडा दिवा असला म्हणजे कॉम्प्युटरनं तिला ओळखलेलं नाही. हिरवा लागला की ओळखलं. सांगितलंत ना?

रसूल : सांगितलं असेल.

दमयंती : मी आल्यापासून तुम्ही त्या टेबलाला पाठ लावून उभे आहात. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात म्हणता, खुर्ची शेजारी आहे, तरी बसत नाही. पण तुमच्या सदऱ्याच्या मागं भिंतीवर हिरवा उजेड पडलाय.

रसूल : आलिया, चहाचं काय झालं?

आलिया : चहा झालाय, अब्बा. हा घ्या, ताई. आणि पेटी चालू आहे. परवापासून चालू आहे. अब्बांनी मला सांगायला मनाई केली होती.

रसूल : तुला कुणी विचारलं?

आलिया : कुणीच विचारत नाही, तेच तर आहे. ताई, मला ओळखलंत का? मी आलिया, यांची मुलगी. मारुती मंदिराजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवते. तुमचे बाबा इथं गायला आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांनी मला ओंजळभर फणसाचे गरे दिले होते, मीठ लावून सुकवलेले.

दमयंती : फडक्यात बांधून आणलेले. मीच बांधून दिले होते. तू एवढी झालीस.

आलिया : पेटी कशी चालवली सांगते, म्हणजे तुमच्या भावाला सांगता येईल, की हे खोटं नव्हतं. व्हिस्टासाठी ड्रायव्हर खरंच नाही. पण त्याच्या आधीच्या एक्सपीसाठी होता. कंपनी बुडाली, तिची साईट बुडाली, पण परदेशातल्या कुणा माणसानं ती फाईल जपून इंटरनेटवर ठेवलीय, आमच्यासारख्यांसाठी. मग कॉम्प्युटरचे दोन भाग केले. एकात व्हिस्टा, दुसऱ्यात एक्सपी. नव्या बोर्डावर जुन्या कार्डाला बसेल अशी एकच खाच उरली होती, तिच्यात कार्ड बसवलं. पहिल्यांदा आवाज आला तो तव्यावर ओले शेंगदाणे टाकावेत तसा, तडतड तडतड. कॉम्प्युटरला जरा दम घेऊन वाजवायला सांगितलं, तेव्हा थांबला.

दमयंती : मग चाचा, मला का खेळवलंत?

रसूल : खेळवलं नाय. उशीर केला. दोन्हींत फरक आहे.

दमयंती : गणपतीला आता महिना नाही राहिला. गावातलं मंडळ बाबांच्या गाण्यांची सीडी काढतंय. मला पाठवलंय ते म्हणून. भागोजी शाहिरांची लेक गेली तर रसूल नाही म्हणणार नाही, असं म्हणाले. आणखी काय म्हणाले तेही सांगू?

रसूल : नको. मला ठाऊक आहे ते काय म्हणतात. आलिया, पहिली टेप लाव. गण लाव फक्त. पावणेतीन होत आले, तीनला लाईट जाईल.

आलिया : पहिली काल आत घेतलीय. फाईल उघडते. हं, ऐका.

दमयंती : …थांब. थांबव गो ते.

आलिया : का?

दमयंती : हा बाबांचा आवाज नाही.

रसूल : काय बोलतेस? तोच गण, तीच ढोलकी.

दमयंती : ढोलकीसुद्धा तशी नाही. हा माणूस चिखलातून चालल्यासारखा गातोय. जड, रुंद आवाज. बाबांचा आवाज सुपारीच्या झाडासारखा होता, सरळ वर जायचा. चाचा, हा कुणाला गायला बसवलात? सखारामला? बारीत बाबांसमोर गाणाऱ्या तुरेवाल्यांच्या सखारामचा आवाज असाच, माठासारखा. माझ्या बापाच्या नावावर त्याचा आवाज देताय मला?

रसूल : बाय, तुझ्या डोळ्यांदेखत फाईल उघडली.

दमयंती : डोळ्यांनी आवाज ओळखतात का?

आलिया : एक मिनिट. ताई, तुमचं बरोबर आहे. आणि अब्बांचंही. माझीच चूक. टेप सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार आकड्यांच्या मापानं भरलेली, आणि मी फाईलवर चव्वेचाळीसचं माप लिहून बसलेय. मोठ्या मापानं भरलेलं भात लहान मापानं ओतलं की वेळ जास्त लागतो, तसं झालंय. म्हणून गाणं हळू आणि आवाज जाड. थांबा, माप बदलते. आता…

दमयंती : मोठा कर जरा.

आलिया : ताई? अजून चुकतंय का?

दमयंती : नाही. आता तेच. हा इथं श्वास घेतला ना, ओळीच्या मधेच, तो त्यांचाच. आई म्हणायची, बापूस तुझा श्वासही तालात घेतो.

रसूल : पाणी पी, बाय.

दमयंती : नको. आता ते पागोळीचं गाणं लावा.

रसूल : गण झाला, गवळण आहे, त्यावर चार गाणी आहेत. मंडळाला पुष्कळ झाली. आलिया सीडी करून देईल.

दमयंती : पागोळी लावा, चाचा.

रसूल : पागोळी नको.

दमयंती : का? माझ्या बापाचं शेवटचं गाणं ते. आलिया, तुला माहीत आहे ते गाणं काय होतं?

आलिया : मला फक्त एवढंच माहीत आहे, की त्या गाण्यामुळे आठवीत माझ्या बाकावर कुणीतरी कर्कटकानं कोरलं होतं, ‘गाणीचोराची मुलगी’. बाकीचं घरात कुणी सांगितलं नाही. अम्मीनं नाही, अब्बांनी तर नाहीच.

दमयंती : मग माझ्याकडून ऐक. माझे बाबा शक्तीवाले. आमच्याकडे गणपतीत बारी होते, शक्तीवाले एका अंगाला, तुरेवाले दुसऱ्या अंगाला. एकानं गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्यानं गाण्यातून सोडवायचं. नाही सुटलं, तर घालणाऱ्यानं स्वतः उत्तराचं कडवं गायचं आणि बारी जिंकायची. म्हणून ते शेवटचं कडवं बारीआधी कुणाच्या कानावर पडू द्यायचं नाही. तालमीतही गायचं नाही. बाबांनी वर्षभर राबून कोडं रचलं होतं:
आभाळाची लेक आली, कौलावरती थोर झाली,
अंगणात पाय पडता नाव टाकून कुठं गेली?

आलिया : पागोळी. पण हे तर कुणालाही सुटेल.

दमयंती : पागोळी एवढंच म्हटलं तर अर्धं उत्तर. पुढची खूण सांगावी लागते. आमच्या घरापुढच्या जांभ्यावर, कौलांच्या बरोबर खाली, पागोळ्यांनी खळगे पाडलेत, एका ओळीत. त्याचं कडवं होतं:
पागोळी ती, पागोळी रे, थेंब थेंब उतरली,
जांभ्यावरती सतरा खळगे, खूण तिनं कोरली.
आणि मग शेवटी बाबांची नाममुद्रा:
भागोजी म्हणे, नाव गेलं, खूण मागं उरली.

रसूल : पुरे कर, दमयंती.

दमयंती : कोडं घातलं, आणि सखाराम उठला. विचार केला नाही, ढोलकीवाल्याकडे बघितलं नाही. ‘जांभ्यावरती सतरा खळगे.’ जसंच्या तसं. सोळा नाही, अठरा नाही. जो माणूस जन्मात आमच्या अंगणात आला नाही, त्याला सतरा ठाऊक. बाबांनी फेटा उतरवला, ढोलकीवर ठेवला, आणि घरी चालत आले. परत गायले नाहीत. पुढल्या वैशाखात गेले. आता तूच सांग आलिया, गाणं बाहेर कुठून गेलं?

आलिया : तुम्ही सांगा. गाणं बारीआधी कुठं कुठं होतं?

दमयंती : एक, बाबांच्या पोटात. दुसरं, या खोलीत. बारीच्या पंधरा दिवस आधी कॅसेटसाठी ते इथं गायले. शेवटच्या कडव्याला त्यांनी ढोलकीवाल्यालासुद्धा बाहेर काढलं. मी त्या बाहेरच्या बाकावर बसले होते, दार बंद होतं. आत दोघंच, बाबा आणि तुझे अब्बा. त्याच आठवड्यात, बाबांच्या नंतर, सखारामची मंडळीही इथं येऊन गायली होती. येत होती की नाही, चाचा?

रसूल : येत होती. सगळे येत होते तेव्हा. शक्तीवाले, तुरेवाले, आमच्या मोहल्ल्यातल्या लग्नात गाणाऱ्या बायकासुद्धा. त्या गणपतीनंतर या खोलीत एक शाहीर चढला नाय. मिक्सर दुरुस्त करतो मी. इस्त्र्या दुरुस्त करतो.

दमयंती : आणि तरी सात वर्षांत एकदा तोंड उघडून म्हणाला नाहीत, की मी दिलं नाही. निरपराध माणूस एवढा गप्प राहतो का?

आलिया : हे मीही विचारलंय त्यांना. दहावेळा. मी तर मनात धरूनच चालले होते, की दिलं असणार. चुकून असेल, गप्पांत असेल. म्हणूनच ही पेटी चालू केली मी, ताई. तुमच्यासाठी नाही. मला बघायचं होतं, टेपेत काय आहे.

रसूल : माझ्या पाठीमागे?

आलिया : तुमच्या पाठीमागेच असतं ना सगळं. हिरवा दिवासुद्धा.

दमयंती : मग? काय आहे टेपेत?

आलिया : आधी एक सांगा, ताई. तुमचे बाबा लिहायचे?

दमयंती : नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं. आठवणीत ठेवायचे सगळं.

आलिया : मग गाण्यांची वही आहे म्हणे तुमच्याकडे. मंडळाचे लोक फोनवर म्हणत होते, शब्द वहीतून तपासू. ती वही कुणी लिहिली?

दमयंती : …मी. बाबा सांगायचे, मी लिहून घ्यायचे.

आलिया : पागोळीसुद्धा?

दमयंती : पागोळीसुद्धा.

आलिया : शेवटचं कडवंसुद्धा?

दमयंती : तुला म्हणायचंय काय?

आलिया : काही नाही. फक्त मोजत होते. तुम्ही दोन म्हणालात. तीन होतात.

रसूल : आलिया. ती पाहुणी आहे.

आलिया : मी चहा दिला. आता एक प्रश्न विचारला.

दमयंती : लेक बापाचं गाणं विकते का? माझ्या बापाची मान खाली जावी म्हणून मी… बोलवतं तरी कसं तुला? हे बघ, ती दुसरी टेप कसली आहे ते आधी सांगा. मघापासून बघतेय. डेकमध्ये आहे ती. कागदाच्या पट्टीवर ‘भागोजी’ लिहिलंय, आणि तारीख आहे बारीनंतरच्या जानेवारीची. बारी भाद्रपदात झाली. बाबा त्यानंतर गायले नाहीत. मग ही कुणाची टेप? आता कुणाचा आवाज पुढे करणार आहात?

रसूल : ती तुझी नाय.

दमयंती : भागोजी लिहिलंय.

रसूल : ती आज द्यायची नाय. ती बाहेर काढलीस कशी तू, आलिया? मी ती वरच्या फळीवर कुराणाच्या मागं ठेवली होती.

आलिया : तिथूनच. हात धुऊन काढली.

दमयंती : त्या पौषात बाबा एकदाच रत्नागिरीला आले होते. डोळ्यांचं औषध आणतो म्हणाले. संध्याकाळच्या एसटीनं आले, औषध नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, दुकान बंद होतं. चाचा, बाबा इथं आले होते?

रसूल : आले होते.

दमयंती : तुमच्याशी भांडायला?

रसूल : गायला. ढोलकी नाय, झांज नाय. या टेबलाच्या फळीवर बोटांनी ताल धरला. एकच गाणं. मग मला बोलले, रसूल, ही टेप माझ्या पोरीची. पण ती मागेल तेव्हा देऊ नको. सांगेल तेव्हा दे.

दमयंती : काय सांगेल तेव्हा?

रसूल : ते मी तुला शिकवू? शिकवून बोललेलं पोपटाचं असतं. मी वाट बघत होतो, बाय. होळीला आलीस, मला वाटलं आज बोलशील. वैशाखात आलीस, वाटलं आज. तू यायचीस, पेटीबद्दल विचारायचीस, मला चोर ठरवायचीस आणि जायचीस. पेटी बिघडलेली होती हे खरं. पण ती बिघडलेली असली की मला बरं वाटायचं, हेही खरं. ती चालली, की ही पोरगी दुसरी टेप लावणार, मला ठाऊक होतं.

आलिया : लावली. आज सकाळी, तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा. ताई, मी तुमच्यासारखी गाण्यातली नाही. पण दोन्ही टेपा एकामागं एक ऐकल्या. गाणं तेच आहे. आभाळाची लेक, पागोळी, सतरा खळगे. फक्त शेवटची ओळ वेगळी आहे.

रसूल : आलिया, नको.

आलिया : पहिल्या टेपेत आहे, ‘भागोजी म्हणे, नाव गेलं.’ दुसऱ्या टेपेत भागोजी नाही. ते गातात, ‘दमयंती म्हणे.’

दमयंती : परत सांग.

आलिया : ‘दमयंती म्हणे, नाव गेलं, खूण मागं उरली.’ ही ओळ तीनदा गायलेत. तिसऱ्यांदा आवाज फाटलाय थोडा. थांबा, लावते. ऐका तुम्हीच…

(वीज जाते. पंखा फिरत फिरत थांबतो. पेटीवरचा हिरवा दिवा विझतो.)

रसूल : तीन वाजले.

आलिया : आता सहापर्यंत काही नाही. इन्व्हर्टरवर एवढं चालत नाही, ताई.

दमयंती : राहू दे.

रसूल : खिडकी उघडतो. वारं येईल.

दमयंती : चाचा, ते खळगे बाबांनी कधी मोजले नव्हते. त्यांना विसाच्या पुढं मोजायचा कंटाळा, आणि विसाच्या आत मोजायची गरज वाटत नसे. मी मोजले होते. चौथीत असताना पाऊस थांबायची वाट बघत पायरीवर बसायचे आणि मोजायचे. तेव्हा चौदा होते. मोठी झाले तेव्हा सतरा झाले.

रसूल : सांग. मी ऐकतोय.

दमयंती : बाबांना कोडं सुचलं, पण उत्तराचं कडवं तीन महिने जमेना. रोज वही घेऊन बसायचे मी, आणि रोज ते म्हणायचे, आज नाही. एका संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता माझ्याच तोंडातून निघालं. पागोळी ती, पागोळी रे. बाबा ओटीवरून उठून चुलीपाशी आले. म्हणाले, परत म्हण. परत म्हटलं. मग ‘लिही’ एवढंच म्हणाले. आणि खाली स्वतःचं नाव सांगितलं. सांगणारच. बाईची नाममुद्रा कुठं असते बारीत? मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. फक्त वाटलं, या जगात एका माणसाला तरी ठाऊक असावं, की ते माझं आहे.

आलिया : आणि तो एक माणूस…

दमयंती : केरू. सखारामचा पुतण्या. त्यांची ढोलकी वाजवायचा. शक्तीवाल्याच्या घरची मुलगी तुरेवाल्याच्या घरात देत नाहीत, म्हणून आमचं बोलणं पऱ्यावरच्या साकवापाशी, गवताचा भारा डोक्यावर घेऊन, चालता चालता. मला त्याला काही द्यायचं नव्हतं. मला नुसतं दाखवायचं होतं. त्यानं ते काकाला का सांगितलं, मी विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याच्याशी एक शब्द नाही.

आलिया : अब्बा, तुम्हाला हे माहीत होतं?

रसूल : जानेवारीपासून. भागोजीला बारीतच कळलं होतं. सखाराम ‘सतरा’ बोलला, आणि भागोजीनं बायकांच्या बाजूला बघितलं. पोरीनं पदर तोंडात धरला होता.

दमयंती : बाबांनी बघितलं होतं?

रसूल : बघितलं. इथं आला तेव्हा बोलला, रसूल, मी गावात उभा राहून सांगतो, तू गाणं दिलं नाय. मी विचारलं, मग कुणी दिलं सांगणार? बसला डोकं धरून. तेव्हा ही, बारा वर्षांची, दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती, गरे आणलेत का म्हणून. मी बोललो, भागोजी, मलाही पोरगी आहे. राहू दे. माझ्या दुकानाला चार दिवस गिऱ्हाईक कमी येईल.

आलिया : चार दिवस.

रसूल : मला काय ठाऊक, लोक एवढं लक्षात ठेवतात.

आलिया : आणि माझं बाक? ते कोरलेलं तुम्ही येऊन बघितलं होतंत ना? तेव्हाही नाही बोललात.

रसूल : तेव्हा बोलायला भागोजीच्या गावी निघालो होतो. वाटेत भागोजीच्या मयताची खबर आली.

आलिया : …ताई, सहा वाजता लाईट येईल. टेप डेकमध्येच आहे. थांबणार का?

दमयंती : थांबेन. शेवटची एसटी सातची आहे. चाचा, सीडीत पागोळी दुसऱ्या टेपेतली घाला. ढोलकी नसली तरी चालेल.

रसूल : बाय, मग गाव विचारेल, नाव का बदललं.

दमयंती : विचारू दे. आलिया, इकडे ये, माझ्यासमोर बस. तोंड दिसत नाही तुझं तिथून. गाणं तुझ्या अब्बांनी नव्हतं दिलं. मी दिलं.